चावदिसापर्यंत नऊ भोपळे

29 सप्टेंबर 2024, रविवार

मांगराच्या छपरावर चढवलेला वेल सुकत आला म्हणून आज भोपळे उतरवले. अकरा निघाले. मृगात दोन आळी केली होती, त्यातून अकरा म्हणजे काही वाईट नाही. माकडांनी कोवळेपणी किती नेले त्याचा हिशेब धरलेला नाही. नख रुतत नाही, देठ लाकडासारखा वाळला आहे आणि टिचकी मारली की पोकळ वाजतं, अशी खात्री करून एकेक कापला. देठ चार बोटं ठेवला. देठाला धरून उचलायचं नाही, हे पोरांना तीनदा सांगितलं. तरी एकाने उचललाच. देठ हातात आणि भोपळा जमिनीवर. फुटला नाही, पण देठाच्या जागी ओला खळगा राहिला. तो नंबर 7.

वाडीतल्या पोरांनी मोबाइलवर कोरलेले भोपळे पाहिले आहेत, आत मेणबत्ती वगैरे. यंदा 31 ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली आहे, म्हणजे तिकडचं हॅलोविन आणि आमचा चावदिस एकाच तारखेला. मग पोरांचं डोकं चाललं: खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, नरकासुराची मुंडकी मांडायची. वेंगुर्ल्यात, सावंतवाडीत गवताचे नि कागदाचे मोठाले नरकासुर करून पहाटे जाळतात. तेवढं आमच्या वाडीला झेपणारं नाही. मुंडकी झेपतील.

सासूबाई माजघरातून ऐकत होत्या. "खावच्या वस्तूक रंग कित्याक? अकरा भोपळे म्हणजे शिमग्यापर्यंतची भाजी."

तासभर वाटाघाटी. दोन त्यांचे, नऊ आमचे. कोरायचं नाही, नुसतं रंगवायचं. दिवाळी झाली की रंग धुऊन भोपळे माजघरात परत. आणि असा कुठलाही रंग नको की ज्याच्यामुळे भोपळा टाकावा लागेल.

कोरणं मलाही नकोच होतं. तिकडे कोरतात तो भोपळा मुद्दाम त्यासाठी वाढवलेला, भगवा, पातळ भिंतीचा. आपला हा गर जाड, जड, सुरी अडकवणारा. आणि इथल्या दमट हवेत कोरलेला भोपळा तिसऱ्या दिवशी खाली बसतो, त्याच्यावर केसाळ बुरशी येते. गंमत म्हणजे आयर्लंडात मुळात सलगम कोरायचे. माणसं अमेरिकेत गेली तेव्हा त्यांना हा मोठा नि सोपा भोपळा सापडला. भोपळा मूळचा तिकडचाच. आपल्याकडे तो पाहुणा म्हणून आला नि घारग्यात जाऊन बसला.

30 सप्टेंबर

भोपळे धुतले, पुसले, सावलीत ठेवले. पेन्सिलने बुडाला नंबर. सगळ्यात मोठा नंबर 4, ताजव्यात सहा किलोला थोडा कमी. सगळ्यात लहान नंबर 9, अडीच किलो.

3 ऑक्टोबर, घटस्थापना

पहिली चाचणी नंबर 7 वर, कारण तो असाही बाद व्हायच्या मार्गावर. माझ्या पेटीतला अॅक्रिलिक काळा रंग एका फाकेवर लावला. अर्ध्या तासात वाळला, दिसायलाही झकास. संध्याकाळी कडेला नख घातलं तर सबंध पापुद्रा एका तुकड्यात सुटून आला, लहानपणी तळहातावर फेविकॉल वाळवून सोलायचो तसा. भोपळ्याच्या सालीला मेणाचा थर असतो, त्याला रंग धरतच नाही. पॉलिश पेपरने साल खरवडली तर धरेल, पण खरवडलेल्या जागेतून कूज शिरते. आणि पापुद्रा म्हणजे शेवटी प्लास्टिकच, सासूबाईंच्या अटीत तो बसत नाही.

अॅक्रिलिक रद्द. पेटी वर ठेवली.

5 ऑक्टोबर

गेरू, हळद, चुना, कोळसा. घरात जे आहे ते. गेरू विकतचा नाही, विहिरीकडच्या जांभ्याची माती चाळून, पाण्यात ढवळून, जड वाळू खाली बसू दिली आणि वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात काढून निवळलं. तळाशी लोण्यासारखा गाळ राहिला. काळ्यासाठी करवंट्या जाळून कोळसा पाट्यावर वाटला. आधी काजळ धरून बघितलं होतं. ते तेलकट, पाण्यात मिसळायला तयार नाही.

रंग सुंदर. पण भोपळ्यावर लावला की अळवावरचं पाणी. थेंब थेंब होऊन फाकांच्या खोबणीत उतरतो नि तिथेच साचतो. वाळला की फुंकर मारली तरी उडतो. अॅक्रिलिक धरल्यासारखं दिसतं, पण पाण्याने जात नाही, सुटतं ते सबंध पापुद्रा होऊन. गेरू सुटतो पण धरतच नाही. मला या दोहोंच्या मधलं काहीतरी पाहिजे: महिनाभर बसेल आणि पाण्याने जाईल.

7 ऑक्टोबर

रात्री आठवलं. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघितलं होतं. त्या गोल पत्त्यांसाठी पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खळ आणि खडूच्या पुडीचा हात द्यायचे, तो दगडाने घोटून गुळगुळीत करायचे आणि मग रंग. दशावतारी गंजिफाचा जोड 120 पत्त्यांचा, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. एवढं बारीक काम ज्या थरावर उभं राहतं तो थर भोपळ्यावर का राहू नये?

चिंचोके घरात पडून होतेच, चिंच फोडल्यावर सासूबाई टाकत नाहीत.

8 आणि 9 ऑक्टोबर

खळ. याला दोन दिवस गेले, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

चिंचोके पाव किलो. लोखंडी कढईत साल तडकेपर्यंत भाजले. खलबत्त्यात हलकं कुटलं की साल सुटते, ती पाखडून काढली. आतली पांढरी डाळ रात्रभर पाण्यात. सकाळी फुगून पिठूळ झालेली असते. पाट्यावर वाटली (मिक्सरमध्ये घातली होती, मोटारीला घाम फुटला, पाट्यावर यावंच लागलं). वाटण अंदाजे आठपट पाण्यात, मंद आचेवर, सतत ढवळत. वीस मिनिटांनी आधी दुधाळ असलेलं पाणी अर्धपारदर्शक होतं आणि पळीवरून तार सुटते. गाळून घेतली. गरम असताना बोटाला भाजते नि थंड झाल्यावर बोटं एकमेकांना चिकटवते. ही खळ दोन दिवसांवर टिकत नाही, आंबते. जास्त टिकावी म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे, आपल्याला भोपळा खायचाय.

आधी सालीचं मेण काढायला रिठ्याचं कोमट पाणी नि मऊ फडकं. खरवडायचं नाही, पुसायचं. वाळल्यावर पातळ खळीचा एक हात, नुसती, काही न मिसळता. ती वाळली की खळ आणि खडूची पूड यांचा दुसरा हात, ताकासारखा पातळ. नंबर 2 वर घाईने जाड लावला, तर दुपारपर्यंत मे महिन्यातल्या मळ्यासारख्या भेगा. पुसून पुन्हा. नंबर 4 वर तीन पातळ हात दिले, समुद्रावरून आणलेल्या गुळगुळीत गोट्याने घोटलं. त्याच्यावर खळीत कालवलेला गेरू लावला.

बसला. नख लावलं तर सुटत नाही. ओल्या बोटाने चोळला तर सुटतो. स्वयंपाकघरात जाऊन ओलं बोट सासूबाईंना दाखवलं. म्हणाल्या, "बघूया."

12 ऑक्टोबर, दसरा

काम नाही. गाडीपुढे कोहळा फोडला. पोरांनी विचारलं, कोहळा का नाही रंगवायचा? त्याच्यावरचा पांढरा भुगा हाताला लागून येतो, त्याच्यावर काहीच टिकणार नाही. आणि तो ज्याच्या-त्याच्या दारात आधीच नरकासुराचं काम करतो आहे, नजर खातो आहे.

13 ऑक्टोबर, रविवार

पोरं सात आली, पडवीभर. एकेकाला भोपळा वाटून दिला.

आजचा तमाशा हळदीचा. नंबर 5 ला पांढऱ्यासाठी खडूऐवजी चुना लावलेला होता, पानाचा चुना, वाळायच्या आधीच एका पोराने त्याच्यावर हळद फिरवली. पिवळ्याचा तांबडा झाला, डोळ्यांदेखत, कुंकवासारखा. "काकी, माझो भोपळो रक्ताचो झालो!" मग सगळ्यांनाच चुना पाहिजे. कुंकू असंच करतात, हळदीला चुन्याचा क्षार लागला की रंग फिरतो. आमसुलाचं आगळही चुन्यावर लावून बघितलं, ते तांबड्याचं काळपट-निळं झालं. संध्याकाळी अंगण म्हणजे रंगाचं दुकान.

मी आतून खूश होते. विकत न आणता तांबडा मिळाला होता.

14 ऑक्टोबर

खुशी एका रात्रीची. सकाळी तांबडा उतरून मातकट पिवळा झालेला. चुना हवेने निवत जातो, त्याचा क्षारपणा संपतो नि हळद आपल्या वळणावर येते. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. पोरगा तोंड पाडून बसला. त्याला सांगितलं, नरकासुराला कावीळ झाली. ते त्याला पटलं, आणि आता तो नंबर 5 ला काविळ्या म्हणतो.

तांबडा फक्त जांभ्याच्या मातीचा. ठरलं.

17 ऑक्टोबर

काल कोजागिरी, पण चंद्र ढगांत नि दूध पडवीतच प्यालो. दुपारपासून परतीचा पाऊस, विजा, वीज गेलेली. आज सकाळी नंबर 3 वर राखाडी ठिपके. हात लावला तर लव. बुरशी. खळ म्हणजे पिठूळच की, तिला ओल मिळाली की हे होणारच. नंबर 6 च्या बुडालाही सुरुवात.

कारण शोधलं. भोपळे सारवलेल्या जमिनीवर थेट ठेवलेले, खाली ओल धरलेली. सासूबाईंनी काही न बोलता पेंढ्याच्या नऊ चुंबळी वळून दिल्या. डोक्यावर हंडा घेताना ठेवतात तशा. प्रत्येक भोपळा चुंबळीवर, खालून वारा. खळीच्या नव्या घाण्यात तुरटीची पूड चिमूटभर. नंबर 3 पूर्ण धुऊन, उन्हात न ठेवता पंख्याखाली वाळवून, पहिल्यापासून.

नंबर 7 चा देठाचा खळगा मऊ झालाय. तो आज परड्यात, माडाच्या आळ्यात पुरला. त्यामुळे भोपळे आठच झाले. सासूबाईंनी आपल्या दोनांतला एक उचलून पडवीत आणून ठेवला. आम्ही त्यालाच नंबर 7 म्हणायचं ठरवलं.

20 ऑक्टोबर, रविवार

आज तोंडं. आणि आज मी सगळ्यात जास्त शिकले ते शेजारच्या घरातून. तिथले भाऊ चाळीस वर्षं दशावतारात राक्षसाची कामं करतात, स्वतःचं तोंड स्वतः रंगवून, मांडीवर आरसा धरून. पोरांचं काम बघायला येऊन बसले. मी नंबर 1 वर भुवयांचा एकेक केस काढत होते.

"वैनी, ह्यां कोणाक दाखवतलंस?"

"चावदिसाला, पोरांना."

"रात्रीचा? पणतीच्या उजेडात? मगे ह्यो केस कोण बघतलो? लांबसून दिसाक व्हया."

मग खळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले नि मला हात हलवत सांगत राहिले: डोळ्याभोवतीचा पांढरा अजून मोठा, भुवई कपाळाच्या मध्यापर्यंत वर, मिशी गालाच्या बाहेर. सुळे खालून वर, नाहीतर ते दात वाटतात. मला हे सगळं भडक वाटत होतं. त्यांच्या जागी जाऊन बघितलं तेव्हा समजलं. तिथून माझा नंबर 1 म्हणजे नुसता मळका भोपळा होता.

दुसरं त्यांनी सांगितलं ते फाकांचं. मी फाका खळीने भरून सपाट करायच्या मागे होते. ते म्हणाले, गाल फुगलेले आयतेच मिळालेत तर बुजवतेस कशाला. नाक उंच फाकेवर, डोळे तिच्या दोन बाजूंच्या खोबणीच्या काठावर, म्हणजे खालून उजेड आला की खोबणीत सावली बसते नि डोळे आत जातात. भोपळ्याचा मूळचा मातकट-भगवा तोच राक्षसाचा रंग, तो झाकायचा नाही. पांढरा पाहिजे तिथेच खळ-खडू. यामुळे नंतरचे सहा भोपळे एका दिवसात झाले. पहिल्या दोनांना आठवडा लागला होता.

बुबुळं कोणी काढायची नाहीत. "डोळे अखेरीक. आधी घातलंस तर तो तुझ्याकडे बघत ऱ्हवतलो, हात चालाचो नाय."

24 ऑक्टोबर

सगळ्यात धाकटीला राक्षस नको. पाच वर्षांची आहे. तिने नंबर 9 घेतला नि बोटाने ठिपके द्यायला सुरुवात केली, काळे, करवंटीच्या कोळशाचे. फाकेच्या मध्यावर मोठे, खोबणीकडे लहान होत गेलेले, कोणी न सांगता. तिच्या बोटाला खोबणीत जागा पुरत नव्हती एवढंच कारण.

मी तिला मोबाइलवर जपानच्या नाओशिमा बेटावरचा, यायोई कुसामा या कलावंत बाईंचा पिवळा भोपळा दाखवला, समुद्रात घुसलेल्या धक्क्याच्या टोकाशी ठेवलेला, असेच काळे ठिपके. 1994 पासून तिथे होता. ऑगस्ट 2021 च्या वादळात लाटांनी उचलून नेला, 2022 मध्ये नवा करून बसवला. तिने सगळं ऐकून घेतलं नि विचारलं, "पहिलो कोणी खाल्लो?"

27 ऑक्टोबर, रविवार

1, 2, 4, 6, 8 तयार, बुबुळं सोडून. 3 दुसऱ्यांदा तयार, या वेळी बुरशी नाही. 5 काविळ्या, त्याच्या मालकाने त्याला जीभ दिली आहे, हनुवटीच्या खाली लोंबणारी, दशावतारातल्या संकासुराची असते तशी. 7 घाईत केला, चेहरा बरा नाही, मागे ठेवू. 9 ठिपक्यांचा.

वरून वॉर्निश मारू का, असं मनात आलं होतं. मारलं असतं तर ओल लागली नसती, हे खरं. पण मग धुणार कसं? नाही मारलं.

30 ऑक्टोबर, रात्र

कंदील लावून बुबुळं घातली. सगळी पोरं गप्प. एकेकाने आपल्या भोपळ्याची दोन, कोळशाची, ओल्या बोटाने कडा पुसत. भाऊ म्हणाले होते ते खरं: शेवटच्या भोपळ्याची बुबुळं घालेपर्यंत बाकीचे आठ आमच्याकडे बघत होते. म्हणजे सातच, नंबर 9 ला डोळे नाहीत.

खळ्यात तुळशीसमोर अर्धगोल मांडला, चुंबळींसकट. पणत्या हातभर लांब ठेवल्या, पेंढा पेटायला वेळ लागत नाही.

31 ऑक्टोबर, चावदिस

पहाटे साडेचार. उटणं, तेल, कढत पाणी. मग तुळशीपाशी डाव्या अंगठ्याने कारीट फोडलं, बी कपाळाला, कडू जिभेला. कारीट म्हणजे भोपळ्याचंच चुलत भावंड, सुपारीएवढं नि जहर कडू. म्हणजे नरकासुर म्हणून वेलीवरचं फळ पायाखाली घ्यायची रीत इथे होतीच, आम्ही फक्त फळ मोठं केलं.

काळोखात नऊ पणत्या. भाऊ खळ्याच्या टोकाला उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त मिशीवरून हात फिरवला. नंबर 1 ची भुवई तिथून स्पष्ट दिसत होती. काविळ्याची जीभ पणतीच्या ज्योतीबरोबर हलत होती, निदान त्याच्या मालकाचं असं म्हणणं. सगळ्यांनी एकदम "गोविंदा" म्हटलं. कुणी विचारलं, आता हे पण फोडायचे का? सासूबाई पुढे झाल्या. "फोड बघूया!"

मग पोहे. दुधातले, गुळाचे, तिखट, ताकातले. वाडीतल्या चार घरांचे मिळून, मोजायचं सोडून दिलं.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

धुणं. विहिरीच्या काठावर, कोमट पाणी नि फडकं. खळ पाण्यात फुगून जेलीसारखी सुटते, तिच्याबरोबर गेरू, खडू, कोळसा सगळं. एका भोपळ्याला पाच मिनिटं. जांभ्याचा तांबडा खोबणीत थोडा राहिला, तो सोलताना जाईल. नंबर 3 ची साल बुरशीच्या जागी जराशी खरबरीत झालेली, तो आधी वापरायचा. नंबर 9 धुऊ दिला नाही. धाकटी भोपळ्यावर पोटाशी पडून राहिली.

13 नोव्हेंबर

आजपासून तुळशीची लग्नं. नंबर 3 कापला. आत केशरी, खणखणीत, कूज कुठेही नाही. अर्धा किसून गुळात शिजवला, तांदळाचं पीठ, वेलची, मीठ. घारगे थापले. सासूबाईंनी पहिला तळून बशीत काढला, फुंकर घातली, आधी स्वतः खाल्ला. मग दुसरा मला.

बिया राखेत घोळून मडक्यात. उरलेले सात माजघरात, चुंबळींवर. नंबर 9 खिडकीत, ठिपक्यांसकट, आणि जाता येता सासूबाई त्याला टिचकी मारून ऐकतात.